सोनं शोधायचंय ना? मग गणित सोडू नका

डिचोलीहून एका आईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी विज्ञानाला आहे. सोनं-चांदी शोधणाऱ्या भूवैज्ञानिकांबद्दल ऐकल्यापासून तिनं जिऑलॉजीचा ध्यास घेतलाय. गणित जड जातं, म्हणून बी.एस्सी.ला ते टाळायचा तिचा विचार आहे. 2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या घरच्या ट्रकचे हप्ते थकले होते, त्यामुळे वडिलांना हे क्षेत्रच नको आहे. आई विचारतात, ‘रानात फिरून सोनं शोधणं ही काय नोकरी झाली? आणि त्यात मुलीच्या जातीला?’

ताई, नमस्कार.

नोकरी आहे, आणि चांगली आहे. ट्रकवाल्याचं पोट खाणीतून माल निघण्यावर असतं, खनिज शोधणाऱ्याचं काम त्याच्या कितीतरी आधीचं. तरीही तुमच्या यजमानांची धास्ती अगदीच फोल नाही. धातूंचे भाव पडले की खासगी कंपन्या पहिली कात्री शोधकामालाच लावतात. मला खटकलं ते मात्र वेगळंच: गणित सोडायचा बेत.

सोन्याच्या खाणीतल्या एक टन दगडात सोनं असतं जेमतेम काही ग्रॅम. एवढंसं सोनं वरून दाखवणारं यंत्र नाही. म्हणून शोध घ्यायचा तो सोन्याच्या सोबत्यांचा: खडक दाबला-चिरडला गेलेले पट्टे, गारेच्या (क्वार्ट्झच्या) शिरा, पायराइटसारखी गंधकयुक्त खनिजं. त्यासाठी खडकांचं चुंबकत्व मोजणारा मॅग्नेटोमीटर घेऊन चालणाऱ्याला खिशातली किल्ली, मोबाइल, पट्ट्याचं बक्कल सगळं काढून ठेवावं लागतं, नाहीतर आकडे बिघडतात. गळ्यातली सोन्याची साखळी मात्र खुशाल असू द्यावी, सोनं चुंबकाला दाद देत नाही! पायराइटचे कण शोधायला जमिनीत सळ्या ठोकून वीज सोडतात आणि प्रवाह तोडल्यावर विजेचा दाब (व्होल्टेज) किती सावकाश उतरतो ते मोजतात. आपल्या सड्यांसारख्या कोरड्या जांभ्यावर सळीभोवती मिठाचं पाणी ओतल्याशिवाय वीज धड उतरतच नाही. त्या आकड्यांवरून जमिनीखालचं चित्र मांडायचं ते गणितानंच. मग बोअर मारून दगडाची नळी, म्हणजे कोअर, बाहेर काढतात, ती उभी चिरून अर्धी प्रयोगशाळेत पाठवतात. बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘इथं काही नाही.’ हे उत्तर पचवता येतं का, हे मुलीला आत्ताच विचारा.

चांदीचं आणखी वेगळं. आपल्या देशात ती मुख्यतः राजस्थानातल्या शिसं-जस्ताच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून मिळते. म्हणजे चांदी शोधायला निघालेला माणूस खरं तर शिसं-जस्त शोधत असतो.

आता वाट. मडगावच्या चौगुले किंवा मिरामारच्या धेंपे कॉलेजात जिऑलॉजी घेता येईल, पुढे गोवा विद्यापीठात एम.एस्सी. आहे. एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा दिली तर आयआयटी मुंबई किंवा धनबादचं आयएसएम. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात, म्हणजे जीएसआयमध्ये, यूपीएससीच्या जिओ-सायंटिस्ट परीक्षेतून भरती होते, सुरुवातीचा मूळ पगार 56,100 रुपये. तिथं भूवैज्ञानिक आणि भूभौतिकशास्त्रज्ञ (वर सांगितलेली चुंबकाची, विजेची मोजमापं करणारा) ही पदं वेगळी आहेत. दुसऱ्या पदाला भौतिकशास्त्राचं एम.एस्सी.ही चालतं, पण नुसतं जिऑलॉजी चालत नाही. गणित सोडलं की हे दार बंद. खासगीतही जिऑलॉजी आणि ही मोजमापं, दोन्ही येणारा माणूस हवाच असतो. त्यातच 2023 च्या कायदादुरुस्तीनं सोनं, चांदी, तांबं अशा खोलवरच्या 29 खनिजांसाठी निव्वळ शोधाचा वेगळा परवाना आणलाय, त्यामुळे काम वाढण्याची शक्यता आहे. किती वाढेल यावर मी पैज लावणार नाही.

गोव्यात राहून सोनं शोधण्याची नोकरी मिळेल, ही आशा मात्र ठेवू नका. आपले खडक कर्नाटकातल्या धारवाडी खडकांच्या कुळातले, आणि तिथं अज्जनहळ्ळीला आपल्यासारख्याच पट्टेदार लोहखडकात सोनं सापडलंय, हे खरं. म्हणून डिचोलीत सापडेलच असं नाही. तिला रायचूरकडे हट्टीच्या सोन्याच्या खाणीत, आंध्रात, झारखंडात जावं लागेल. चतुर्थी आटोपली की फील्डचे दिवस सुरू, ते उन्हाळ्यापर्यंत. शिगम्याला ती घरी असेलच असं नाही.

मुलीच्या जातीचं म्हणाल, तर भूमिगत खाणीत बायकांना काम करण्याची मुभा 2019 पासून मिळाली आहे. फील्डवर तर त्या आधीपासूनच आहेत. कॅम्पवर राहण्याची सोय कशी आहे, सोबत आणखी कुणी मुलगी आहे का, हे रुजू होण्याआधी रोखठोक विचारावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तिला घेऊन कॉलेजच्या जिऑलॉजी विभागात जाऊन या. जिऑलॉजीसोबत भौतिकशास्त्र आणि गणित कोणत्या जोडीत घेता येतं ते तिथल्या सरांकडून लिहून घ्या. गणिताची भीती मोठी असेल तर सुट्टीत शिकवणी लावा, त्रिकोणमिती आणि कॅल्क्युलसपासून. जमतच नसेल तर निव्वळ भूवैज्ञानिकाची वाट आहेच, तीही वाईट नाही. फक्त ती निवडताना कुठलं दार आपण लावून घेतोय, हे तिला ठाऊक असू दे.