‘माझ्यामुळे तिलाही होईल का?’

जननेंद्रियांच्या हर्पिसचे, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आणि फोड आणणाऱ्या विषाणूजन्य आजाराचे, निदान झालेली बहुतेक तरुण माणसे माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन येतात: आता लग्न करावे की नाही? साखरपुडा झालेला, तिशीतला एक तरुणही त्यासाठीच आला होता. त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तोडगा त्याने आधीच काढून ठेवला होता. “फोड असतील तेव्हा लांब राहीन. तिला सांगायची गरजच काय?”

हा विषाणू कण्याच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींत दडून राहतो आणि फोड नसतानाही अधूनमधून त्वचेवर येतो. किंबहुना बरीचशी लागण अशा लक्षणरहित काळातच होते, हे मी त्याला समजावले. निरोधाने धोका घटतो, पण न झाकलेल्या त्वचेतून संसर्ग होऊ शकतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाधित व्यक्तीने रोज ५०० मिलिग्रॅम व्हॅलासायक्लोव्हिर हे विषाणूरोधक औषध घेतल्यावर जोडीदाराला होणारी लागण जवळपास निम्म्यावर आली होती.

“म्हणजे गोळी, निरोध, आणि जळजळ किंवा मुंग्या जाणवल्या की संबंध टाळायचे. एवढे पुरे?”

“धोका खूप कमी होईल, शून्य नाही. पण रोजची गोळी लपवणार कुठे? आणि ‘आज नको’ म्हणताना कारण काय सांगणार?”

तो बराच वेळ गप्प राहिला. “दर वेळी नवी थाप मारावी लागेल,” तो म्हणाला आणि मग अगदी हळू, “ती नाही म्हणाली तर मी संपलो, असे वाटते.”

गाठ इथे सुटली. भावनेमागचा विचार आधी तपासावा, या माझ्या जुन्या आग्रहाला अशा वेळी बळ मिळते. ‘तिचा नकार मला दुखवेल’ आणि ‘तिने नाकारले म्हणजे मी टाकाऊ आहे’ या दोन विधानांतले अंतर त्यानेच कागदावर मांडले. पहिले पेलता आले की खबरदारी चोरून घ्यावी लागत नाही, आणि चोरून घेतलेली खबरदारी फार दिवस टिकत नाही.

त्याने तिला लग्नाआधी सांगितले. टॉवेल किंवा शौचालयातून लागण होत नाही, हे ऐकून तिला हायसे वाटले, पण तिचा पहिला प्रश्न बाळाविषयी होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईला प्रथमच लागण झाल्यास बाळाला सर्वाधिक धोका असतो; म्हणून त्या काळात विशेष जपावे आणि प्रसूतितज्ज्ञांपासून हे कधीही लपवू नये, असे मी दोघांना सांगितले.