बोत्तिचेलीच्या लुक्रेशियाच्या चित्रात रोमन चौकातल्या खांबावर डेव्हिड का आहे?

तुम्ही विचारलंय, इटालियन चित्रकार बोत्तिचेलीने रंगवलेली ही कथा इसवी सनापूर्वी ५०९ च्या रोमची, राजपुत्राने बलात्कार केल्यावर जीव देणाऱ्या लुक्रेशियाची, मग खांबावर बायबलमधला डेव्हिड कसा. चित्रकाराची चूक झाली का? चूक नाही. बोत्तिचेलीने तो विचारपूर्वक तिथे उभा केलाय.

या चित्रात एकाच लाकडी फळीवर तीन प्रसंग आहेत, पण कथेचा शेवट उजव्या टोकाला नाही, मधोमध आहे. डावीकडे दारात राजपुत्र सेक्स्टस तार्क्विनियस शस्त्र घेऊन लुक्रेशियावर धावून आलाय. उजवीकडे ती आपल्या माणसांपुढे कोसळतेय. मधल्या चौकात छातीत खंजीर रुतलेला तिचा देह ठेवलाय, त्याच्या वर उभा राहून तिच्या नवऱ्याचा साथीदार ब्रूटस (सीझरला मारणारा नव्हे) लोकांना चेतवतोय आणि खाली सैनिकांनी तलवारी उपसल्यात. यानंतर राजघराणं हाकललं जातं आणि रोममध्ये प्रजासत्ताक येतं.

चित्र १५०० च्या सुमाराचं, फ्लोरेन्समधलं. १४९४ मध्ये तिथून सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याला हाकललं होतं. पुढच्याच वर्षी त्यांच्या वाड्यातला, शिल्पकार दोनातेल्लोने घडवलेला, बायबलकथेतल्या ज्युडिथचा पुतळा नगरशासनाच्या इमारतीसमोर आणून बसवला, जुलमी सत्तेला इशारा म्हणून. ज्युडिथने शत्रूच्या सेनापतीचं डोकं उडवलं होतं, डेव्हिडने धिप्पाड योद्धा गोलायथचं. डेव्हिडला तर फ्लोरेन्स आपलंच प्रतीक मानायचं. त्यामुळे तो खांब दिसताच तिथल्या माणसाला हा आपलाच चौक वाटला असणार. उजव्या इमारतीवर कोरलेला, पूल लढवणारा रोमन वीर होराशियसही याच सूत्रातला. तो लढला ते तार्क्विनियस घराण्याला परत गादीवर बसवायला आलेल्या सैन्याशी.

पण नुसतं राजकारण वाचून थांबू नका. डावीकडे जिथे लुक्रेशियावर हल्ला होतोय, तिथे वरच्या शिल्पात ज्युडिथ आहे. वरच्या बाईने जुलमी पुरुषाला मारलं, खालची स्वतःला मारणार आहे. मला या चित्रातली ही सगळ्यात अस्वस्थ करणारी जागा वाटते. रोमन इतिहासकार लिव्हीच्या ग्रंथात लुक्रेशिया स्वतः बोलते: घडलेलं सांगते, वडील आणि नवऱ्याकडून सूडाचं वचन घेते, मग खंजीर खुपसून घेते. इथे बोलणारा एकटा ब्रूटस. तिचा देह म्हणजे त्याच्या भाषणाचा पुरावा.

अशा फळ्या श्रीमंत घरांत बहुधा लग्नानिमित्त करून घेत आणि खोलीच्या भिंतीत खांद्याच्या उंचीवर बसवत. हे चित्र वेस्पुच्ची घराण्यातल्या एका लग्नासाठी काढलं असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे नवऱ्या मुलाला त्यात स्वातंत्र्य दिसावं आणि नव्या सुनेला पातिव्रत्य, असाच हेतू असणार.

लुक्रेशियाचं चित्र आता बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयात आहे. त्याचं जोडचित्र बर्गामोच्या कारारा अकादमीत आहे, तेही जरूर बघा. त्यात सत्ताधारी अप्पियस क्लॉडियसच्या तावडीत जाऊ नये म्हणून बाप आपल्या मुलीला, व्हर्जिनियाला, ठार मारतो आणि तिथेही त्यानंतरच सत्ता उलटते.