पळताना उजवाच इअरफोन निसटतो? गोंद बाजूला ठेवा आधी

फक्त उजवा इअरफोन निसटतो म्हणून सुपर ग्लूने रबराची रिंग चिकटवू का, असं विचारलंय तुम्ही. नका हो. सुकलेला ग्लू कडक होतो, कानाला टोचतो, आणि इअरफोनच्या बॉडीवर ते टाचणीच्या टोकाएवढं बारीक भोक असतं ना, हवेचं, ते बुजलं की बेस पार बिघडतो.

आधी हे बघा की टिप, म्हणजे कानात जाणारी सिलिकॉनची टोपी, निसटतेय का वायर ओढतेय. वायर गळ्यापाशी चिमटीत सैल धरायची आणि जागच्या जागी उड्या मारायच्या. आता टिकतोय? मग दोष वायरचा. टीशर्टच्या आतून घ्या, कॉलरला क्लिप लावा, किंवा वायर कानाच्या वरून मागे फिरवा, यात बहुतेक साधे इअरफोन उलटे धरून डावा उजवीकडे लावावा लागतो, आवाजाच्या बाजू बदलतात पण पळताना कोण बघतंय. वायर कानावर बसत नसेल तर प्लास्टिकचं आवरण असलेल्या सिंगल कोर, म्हणजे आत एकच तार असलेल्या, तांब्याच्या वायरचा बोटभर तुकडा कानाच्या वळणाप्रमाणे वाकवा, टोकं आत दुमडा आणि इअरफोनची वायर त्याला कापडी टेपने बांधा. झाला हुक.

तरीही निसटतोय तर टिप बघा. दोन्ही कानांची भोकं सारखी असतातच असं नाही, त्यामुळे डावीकडे मीडियम आणि उजवीकडे लार्ज लावायला काहीच हरकत नाही, लोक उगाच जोडी जुळवत बसतात. टिप काढून कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, घाम आणि मळाने सिलिकॉन बुळबुळीत होतं. घालताना दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, मग टिप नीट आत बसते.

आणि खरा जुगाड फोमचा. आवाज अडवायला कानात घालतात ते मऊ फोमचे इअरप्लग घ्या, जुन्या टिपेएवढ्या लांबीचा तुकडा कापा, मधोमध बारीक धातूची नळी फिरवत फिरवत आरपार भोक पाडा. आरपारच हं, थोडा फोम जरी आत राहिला तरी आवाज उशीतून आल्यासारखा येतो. मग जुन्या सिलिकॉन टिपेची बाहेरची छत्री कापून टाका, आतली नळी तेवढी ठेवा आणि ती त्या भोकात सरकवा. भोक नळीपेक्षा किंचित लहान हवं म्हणजे पकड राहते. ओढून बघा, सहज निघत असेल तर वापरूच नका, कानात अडकलेला फोम काढायला डॉक्टरकडे जावं लागेल. घालताना बोटांनी दाबून बारीक करा, आत सोडा, फुगेपर्यंत धरून ठेवा.

फोम घाम पितो, त्यामुळे सिलिकॉनपेक्षा लवकर खराब होतो, दाबल्यावर परत फुगेना की फेकून द्या. बाहेरचा आवाजही फार अडवतो, म्हणून हे ट्रेडमिलवर ठीक, रस्त्यावर पळत असाल तर फोम नको, हुकच बनवा.