तारकर्लीचं लग्न आणि अकोल्याचे व्याही

प्रश्न: काकू, माझं लग्न ठरलंय. मी पुण्याचा, ती अकोल्याची. दोघंही पुण्यात नोकरी करतो. मालवण माझं आजोळ, लहानपणीच्या मे महिन्याच्या सुट्ट्या सगळ्या तिथल्याच. म्हणून फेब्रुवारीत तारकर्लीच्या किनाऱ्यावर, संध्याकाळी, दोन्हीकडची मिळून दीडशे माणसं बोलावून लग्न करावं असं आम्हा दोघांच्या मनात आहे. आईला देवक आणि कुलाचाराची काळजी. मामा आतापासून विचारतायत, मुलाकडच्यांची व्यवस्था कोण बघणार? आजी ८४ वर्षांची आहे. पण मला लागलंय ते वेगळंच. होणारे सासरे निवृत्त शिक्षक आहेत. आमचा बेत ऐकून ते एवढंच म्हणाले, "मुलाकडच्यांची हौस आहे, आम्ही करू." तेव्हापासून हॉटेलवाल्यांशी बोलायलाही मन होत नाही. नवऱ्या मुलाने यात नेमकं काय करावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर: ते वाक्य तुम्हाला लागलं, याचा मला फार आनंद झाला. मी पौरोहित्य करते. लग्नघरात मुलीचे वडील असं बोलून गप्प होतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय, आणि ते ऐकून नवरदेव अस्वस्थ झालेला क्वचितच पाहिलाय.

आपल्याकडे लग्न मुलीच्या दारी आणि खर्च मुलीच्या बापाचा, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. त्यातच लग्न दूर नेलं की वऱ्हाडाच्या खोल्या, दोन वेळचे चहा-नाश्ते, स्टेशनवरून आणायच्या गाड्या हे सगळं नकळत त्यांच्याच माथी येतं. गावातल्या कार्यालयात वऱ्हाड जेवून रात्री घरी जातं, तारकर्लीत ते दोन-तीन दिवस राहतं. म्हणून हॉटेलचा आगाऊ पैसा भरायच्या आधी अकोल्याला जा. फोनवर हे बोलू नका. आधी तुमच्या वडिलांशी बोलून आकडा पक्का करा, त्यांना सोबत न्या, पण बोला तुम्ही स्वतः: "काका, समुद्रावर लग्न करायची इच्छा आमची दोघांची आहे. आमच्या माणसांचा प्रवास आणि राहणं आमच्याकडे. मांडव आणि जेवण निम्मं निम्मं. मानपानाचं काही नको." ते नको नको म्हणतील. तरी खर्चाची वही तिथेच उघडा आणि पहिलं पान त्यांच्यासमोर लिहा.

मामांनाही तुम्हीच सांगायचं. आहेर, टॉवेल-टोपी, विहिणीची पंगत यांतलं काय होणार नाही, हे मुलीकडून कळलं तर वर्षानुवर्षं बोललं जातं. भाच्याने घरी येऊन, पाया पडून सांगितलं तर मामा कुरकुरतील आणि येतील.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. दीडशेतली निम्मी माणसं मुलीकडची धरली, तर पंच्याहत्तर. ज्या माणसाने आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्याच्या ओळखीची निम्मी अकोल्यातली माणसं त्या यादीबाहेर राहणार: बरोबरीचे शिक्षक, जुने विद्यार्थी, शेजारपाजार, गावाकडचे चुलते. लेकीच्या लग्नाला त्यांना बोलवता येणार नाही, हे दुःख पैशाहून मोठं आहे, आणि शिक्षक माणूस ते तोंडाने सांगणार नाही. तेव्हा साखरपुडा अकोल्यातच करा, त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या आचाऱ्याच्या हातचं. वांग्याची भाजी, वरण-भात, मठ्ठा, जिलबी. तुमच्याकडची माणसं घेऊन तिकडे जा आणि पंगतीत वाढायला उभे राहा. त्यांची माणसं जावई डोळ्यांनी बघतील, आशीर्वाद देतील. मग तारकर्लीची यादी लहान असली तरी कुणाला खुपणार नाही.

आजीला काय झेपेल, हे आजीलाच विचारा. यायचं म्हणाली तर पुण्याहून सलग आठ-नऊ तास गाडीत बसवू नका. कोल्हापूरला मुक्काम करा आणि सकाळी पोट हलकं असताना घाट उतरा. नाही म्हणाली तर देवक पुण्यात घरीच बसवा आणि परत आल्यावर उठवा. मधल्या दिवसांत देवकापाशी दिवा लावायचं काम आजीचं. गृहप्रवेश, लक्ष्मीपूजन हे तसंही घरीच व्हायचं. आईची काळजीही इथेच मिटते. कुळाचार असेल तसा तुमच्या घरच्या गुरुजींना विचारून घ्या.

किनाऱ्याबद्दल मात्र माझं मत स्पष्ट आहे: लग्न वाळूवर लावू नका. जमीन तापली की दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि दिवस मावळेपर्यंत तो ऐकत नाही. अशाच एका लग्नात मी मंगलाष्टकं म्हणत होते. अंतरपाट शिडासारखा फुगला, तो धरणाऱ्यांचे हात थरथरत होते. लाजाहोमाला मुलीच्या ओंजळीतल्या लाह्या अग्नीत पडायच्या ऐवजी तिच्याच शालूवर उडाल्या. कुंडातली ठिणगी मांडवाच्या कापडापर्यंत गेली, तेव्हा मुलीच्या भावाने पाण्याची कळशी आणून ठेवली. किनाऱ्यामागे माडांची वाडी असते, तिथे पश्चिमेला कनात लावून सकाळच्या मुहूर्तावर विधी करा. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन हवे तेवढे फोटो काढा. वाळूवर काहीही उभारायचं असेल, तर ग्रामपंचायत आणि मेरीटाइम बोर्ड यांची परवानगी कोण काढणार, हे हॉटेलवाल्याकडून लेखी घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा दिवस असेल, तर उधाणाचं पाणी कुठवर येतं हे तिथल्या रापणकरांना (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांना) विचारा. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, हा नियम तिथेही आहे.

तरीही विधी संध्याकाळीच ठेवलात, तर सूर्यास्त गाठायचा म्हणून ते वीस मिनिटांत उरका, असं लग्नाची व्यवस्था बघणारे सांगतात. ऐकू नका. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात, सप्तपदी हा विधी असेल तिथे सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. नुसतं नोंदणीचं प्रमाणपत्र असलं तरी विधी न झालेलं लग्न ग्राह्य धरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. सात पावलं सावकाश टाका आणि प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगायला गुरुजींना आधीच सांगून ठेवा.

तारीख धरताना एक गोष्ट विसरू नका. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा बहुधा फेब्रुवारीच्या सुमारास येते. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. लाखो माणसं लोटतात. त्या दोन-तीन दिवसांत रेल्वे, एसटी, खोल्या काहीही मिळत नाही. तुमच्या आजोळी फोन करा, जत्रेची तारीख लागली की त्यांना सर्वात आधी कळेल. तोपर्यंत दोन मुहूर्त हाताशी ठेवा.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० दिवस असायचं. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात. म्हणजे त्या सकाळी वेगवेगळ्या घरांतून वेगवेगळ्या लोकांनी तिकिटं काढायला बसलं पाहिजे. कोण कुणाची काढणार, हे आदल्या आठवड्यात वाटून द्या. अकोल्याच्या मंडळींना बहुधा मुंबईला किंवा पनवेलला गाडी बदलावी लागेल. त्यांच्यात म्हातारी माणसं असतील, तेव्हा गाडी बदलायच्या ठिकाणी तुमचा एखादा चुलतभाऊ पाणी आणि खाणं घेऊन उभा असू दे. कुडाळला उतरल्यावर पुढे तासाभराचा रस्ता आहे, त्या गाड्यांची जबाबदारी मामांकडे द्या. व्यवस्था कोण बघणार असं त्यांनी विचारलंच आहे.

शेवटचं, कागदपत्रांचं. महाराष्ट्रात विवाह नोंदणीच्या अर्जावर लग्न लावणाऱ्या पुरोहितांची सही लागते आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार लागतात. ९० दिवसांच्या आत नोंदणी केली की जास्तीचं शुल्क पडत नाही. अर्ज छापून सोबत न्या आणि गुरुजींची सही ते निघायच्या आधी घ्या. साक्षीदार मात्र पुण्यात राहणारे निवडा, म्हणजे नोंदणी कार्यालयात त्यांना तुमच्याबरोबर येता येईल.