काचबिंदूच्या थेंबांनी डोळा खोल गेल्यासारखा दिसतो का?

तुमच्या आईच्या एकाच डोळ्यात वर्षभर काचबिंदूचे थेंब चालू आहेत, तो डोळा आत गेल्यासारखा दिसतोय, भोवतीची कातडी काळवंडलीय, म्हणून थेंब बंद करावेत का, असं तुम्ही विचारलंय.

स्वतःहून बंद करू नका. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि डोळ्यातलं वाढलेलं प्रेशर बहुतेकदा जाणवतही नाही.

पण तुम्हाला दिसतंय ते खरं आहे. माझ्याही फक्त उजव्या डोळ्यात बिमॅटोप्रोस्ट हे काचबिंदूचे थेंब चालू होते. भाचीने विचारलं, "मावशी, एकाच डोळ्याला मस्कारा लावलास का?" तेव्हा आरशात नीट पाहिलं. पापणीचे केस लांब आणि दाट झालेले, वरच्या पापणीखाली खळगा. डॉक्टरांनी हे आधी सांगितलं असतं तर मी इतकी घाबरले नसते.

लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट हे एकाच गटातले थेंब. डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायची वाट ते मोकळी करतात, म्हणून प्रेशर उतरतं. पण औषध आजूबाजूलाही मुरतं. त्याने कातडी काळवंडते आणि डोळ्याभोवतीची चरबी आटते, म्हणून डोळा खोल दिसतो; पापणी थोडी खालीही येऊ शकते. बिमॅटोप्रोस्टने हे जास्त होतं, लॅटॅनोप्रोस्टने कमी. (पापण्यांचे केस वाढवायला याच बिमॅटोप्रोस्टला अमेरिकेत 2008 मध्ये मंजुरी मिळाली!) बुबुळाचा रंग गडद झाला तर तो तसाच राहतो, पण आपल्या काळ्याभोर डोळ्यांत ते सहसा कळत नाही.

मला लॅटॅनोप्रोस्ट बदलून दिलं. काळेपणा काही महिन्यांत उतरला, खळगा बराच भरला, पूर्ण नाही. बदलल्यावर प्रेशर पुन्हा तपासून घ्यावंच लागतं. आईला दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ते आवर्जून सांगा, कारण पर्याय म्हणून टिमोलॉल हे दुसऱ्या गटातलं औषध दिलं जातं आणि अशांना ते चालत नाही. लाली आणि खाज खूप असेल तर तेही सांगा, ती औषधाची किंवा त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी असू शकते.

तोवर एकच थेंब घाला, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलकेच दाबा आणि गालावर ओघळलेलं औषध लगेच पुसा. तपासणीला जाताना थेंब सुरू होण्याआधीचा आईचा समोरून काढलेला फोटो न्या. माझ्या डॉक्टरांना फरक त्यावरूनच पटला.