शब्दांची गजाल: पागी म्हणजे नेमका कोण?

प्रश्न: माझं आडनाव पागी, आम्ही मूळचे काणकोणचे. परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला की पागी म्हणजे पायाच्या ठशांवरून माणूस शोधणारा, म्हणजे आपले पूर्वज गुजरातेतले. पुण्याचा मित्र म्हणतो छे, घोड्यांच्या पागेवरून. त्यात एका सर्टिफिकेटवर 'पागे' छापून आलं ते वेगळंच. खरं काय?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर: फॉरवर्डमधला पागी खोटा नाही हो, पण तो तुमचा नाही. गुजरातीत पग म्हणजे पाय, आणि वाळूतल्या पावलांवरून माग काढणारा तो पागी. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत आपल्या सैन्याला मदत केलेले रणछोडदास पागी हे त्यातले, त्यांची गोष्ट व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी फिरतेच. पण ते जातीने रबारी, पागी हे त्यांचं काम.

मित्राची पागा म्हणजे घोड्यांचा तबेला किंवा घोडदळाचं पथक, त्यावरून पागनीस आलं, पागेचे हिशेब लिहिणारा. काणकोणच्या किनाऱ्यावर कोणाची पागा असणार, मला तरी पटत नाही. पागोटं आणि पावसात पत्र्यावरून गळणाऱ्या पागोळ्या यांनाही या भानगडीत ओढू नका, नुसता 'पाग' ऐकू आला म्हणून नातं जुळत नसतं.

तुमचा पागी पाण्यातला. हाताने फेकायचं गोल जाळं असतं ना, त्याला गोव्यात पागेर म्हणतात, वर कोकणात पाग, आणि त्यावरून मासे पागणे हे क्रियापदसुद्धा आहे. ते जाळं मारणारा तो पागी. कोंकणीत अजून साधं नाम म्हणून चालतं, नुसतं आडनाव नाही.

पागेर मारताना कधी जवळून बघितलंय का? दोरीचं टोक डाव्या मनगटाला बांधलेलं, जाळ्याचा थोडा भाग कोपरावर, एक कड चक्क दातात धरलेली, माणूस गुडघाभर पाण्यात बगळ्यासारखा गप्प उभा असतो आणि मग कंबरेतून असा एक गिरका घेतो की जाळं हवेत भाकरीसारखं गोल उघडतं आणि कडेच्या शिशाच्या गुळ्या सगळीकडून एकदम पाण्यात पडतात. तो चुर्रर आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. मी एकदा ट्राय केलं, जाळं भाकरी सोडाच, मोदकासारखं पडलं आणि काठावरची पोरं खो खो हसली. मग दोरी हळूहळू ओढायची, आत शेवटं, काळुंद्रं असले मासे, नशीब असेल तर सुंगटं, म्हणजे कोळंबी.

रांपण वेगळी बरं का, ते मोठं जाळं, ओढायला किनाऱ्यावर अख्खी वस्ती लागते आणि ती ओढणारा रांपणकार. पागेर एकट्याचं काम. पुढे पागी म्हटलं की एकूणच मासेमारी करणारा समाज असा अर्थ झाला, गोव्याच्या ओबीसी यादीत 'पागी/गाबीत' अशी नोंदच आहे. सुतार-लोहारांचं चारी आडनाव झालं तसंच हे, कामाचं नाव घराला चिकटलं. त्यामुळे घरात तीन पिढ्यांत कोणी जाळ्याला हात लावला नसेल, सगळे बँकेत असतील, तरी आडनाव पागीच.

राहिलं सर्टिफिकेट. पागे हे महाराष्ट्रातलं वेगळं आडनाव आहे, रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे आठवत असतील. एका मात्रेचा फरक म्हणून सोडून देऊ नका, उद्या ओबीसी दाखल्यावर पागी आणि मार्कशीटवर पागे असं झालं तर खेटे तुम्हालाच घालावे लागतील. आत्ताच अर्ज टाका आणि सोबत वडिलांच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा.