आयसीयूत पेशंट गेल्यावर आत नेमकं काय करतात? बॉडी मिळायला दोन-तीन तास का लागतात?

बिलाचा वेळ वेगळा, त्याबद्दल मी बोलत नाही. सिस्टरांच्या हातातलं काम सांगते.

डॉक्टर डिक्लेअर करतात, सरळ रेषेचा ईसीजी काढून त्यावर वेळ टाकतात. पुढचा प्रश्न एकच: एमएलसी, म्हणजे पोलिसांत नोंद होणारी केस, आहे का? अपघात, भाजणं, विषबाधा असेल तर सहसा एकही नळी काढत नाहीत. तोंडातली नळी, मानेतली लाइन (शिरेत घातलेली सलाइनची नळी) तशीच पोस्टमॉर्टेमला जाते. घरच्यांना ती हेळसांड वाटते, पण तो नियम आहे.

बाकी केसमध्ये पडदे ओढून आधी चेहरा. डोक्याखाली उशी हवीच, नाहीतर रक्त चेहऱ्याकडे उतरून तो काळानिळा दिसतो. पापण्या मिटून वर ओला कापूस. कवळी लगेच बसवायची, कारण जबडा दोन-चार तासांत आखडतो आणि मग जोर करूनही बसत नाही. हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी.

मग नळ्या. रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी, काढण्याआधी सिरिंजने पोट रिकामं करायचं. हे राहिलं की कुशीवर वळवताना नाकातोंडातून काळपट पाणी येतं, तेही बहुतेक वेळा नवी चादर घातल्यावर! लघवीच्या नळीचा फुगा आधी सोडायचा. मानेतली लाइन काढली की खरा वेळ जातो. हेपरिनवरच्या, म्हणजे रक्त पातळ करायचं औषध चालू असलेल्या पेशंटचं त्या भोकातून रक्त झिरपत राहतं. गॉझची जाड घडी दाबून धरून वर डायनाप्लास्टची चिकटपट्टी घट्ट लावावी लागते. अंगावर सूज असेल तर चिकटपट्टीबरोबर कातडी सोलून येते, म्हणून ती ओली करून सावकाश काढायची. वळवताना छातीतली हवा बाहेर पडून कण्हल्यासारखा आवाज येतो. नातेवाईक आत असतील तर हे आधीच सांगितलेलं बरं.

दागिन्यांच्या नोंदीत ‘सोन्याचं’ नाही, ‘पिवळ्या धातूचं मंगळसूत्र’ असं लिहितात. सही दागिने ताब्यात घेणाऱ्याची आणि साक्षीदाराची. पेसमेकर असेल तर आठवण करून द्या. तो डॉक्टर काढतात, दहनात त्याची बॅटरी फुटते.

तुळस-गंगाजल घालायचं असेल तर तोंडात कापूस भरण्याआधी सांगा, बहुतेक सिस्टर थांबतात. मुस्लिम घरांत गुस्ल, म्हणजे शेवटची आंघोळ, घरचेच घालतात, तिथे आम्ही फक्त रक्त-डाग पुसतो. नेत्रदान करायचं असेल तर लगेच बोला: सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात आणि तोवर पंखा बंद ठेवायचा असतो.